स्नॉर्कल शेवटी, आधी ब्रीदर

रोहिणी नक्षत्र लागलं की या सदराच्या टपालात मायलेजच्या तक्रारी मागे पडतात आणि इगतपुरी-त्र्यंबक-पेठ पट्ट्यातले ओढे पुढे येतात. त्यातली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. एकूण टपालात मात्र जवळपास प्रत्येक पत्रात स्नॉर्कल आहे, म्हणजे इंजिनला हवा घेण्यासाठी बाहेरून वर नेलेली नळी. ब्रीदर, म्हणजे ॲक्सल-गिअरबॉक्सच्या बंद घरातली हवा आत-बाहेर करणारं छोटं तोंड, फक्त एकात, आणि तोही नकळत.

माझी डिझेल थार आहे, 18 इंची चाकं. कंपनी पाण्याची क्षमता 650 मिलिमीटर सांगते. मित्र म्हणतो, स्नॉर्कल बसवला की बॉनेटपर्यंत पाणी चालतं. खरं आहे का?
— वाचक, सिडको, नाशिक

मित्राचं ऐकू नका. 650 हा आकडा उभ्या पाण्याचा, पक्क्या तळाचा आणि माणसाच्या चालीने गाडी नेण्याचा आहे. तुमच्या 255/65 आर 18 टायरचा व्यास साधारण 789 मिलिमीटर भरतो. म्हणजे पाणी टायरच्या माथ्याखाली तेरा-चौदा सेंटिमीटरवर आलं की कंपनीची हद्द संपली. एकदा चाकाशेजारी बसून टेप लावून बघा. मनात धरलेली खोली आणि टेपवरची खोली यांत बराच फरक निघतो. त्यात गाडी पुढे लाट ढकलते आणि तळाला कुठेतरी वीतभर खड्डा असतोच. म्हणून तयारी न केलेल्या गाडीला आम्ही 45 सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका असंच सांगतो.

पाच फुटी बांबू गाडीत ठेवा. 45 वर पिवळी पट्टी, 65 वर लाल. उभ्या पाण्यात आधी माणसाने बांबू टेकत दोन्ही चाकांच्या रेषेत चालून यायचं, मग गाडी.

स्नॉर्कल फक्त एक काम करतो: इंजिन हवा घेतं ते तोंड वर नेतो. ते काम मोठं आहे यात वाद नाही. 2,184 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 546 सीसी येतात. दाबाचं गुणोत्तर 16.5 धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा जेमतेम 35 मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाचा पाव भाग. तेवढं पाणी आत गेलं की ते दबत नाही, पिस्टन थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण पाण्याला गाडीत शिरायला वाटा आणखीही आहेत: दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचे, चाकांना ताकद वाटणारे गिअर), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअर), क्लचचं घर, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, दारं. यातली एकही वाट स्नॉर्कलने बंद होत नाही. कामाचा क्रम असा ठेवा: ब्रीदर, एअर फिल्टरचा डबा, पंखा, वायरिंग, ओढण्याचे हूक. फेंडरला भोक पाडायचं ते त्यानंतर. आणि त्याआधी वॉरंटीबद्दल डीलरकडून, बदलाच्या नोंदीबद्दल आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

ओढा ओलांडून आल्यावर महिन्याभरात मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालं. मेकॅनिकने सील बदललं. पुन्हा तेच झालं. सील निकृष्ट येतात का?
— वाचक, घोटी

सीलचा दोष नसावा. तुमचा ब्रीदर एक तर चिखलाने बुजलाय किंवा पाण्याखाली जातोय.

घोटीपर्यंत हायवेने आलेल्या गाडीचं डिफरन्शियल सहज 80 अंशांवर असतं. ते थंड पाण्यात बुडून 30 वर आलं की आतली हवा सुमारे 14 टक्क्यांनी आकसते. आत दोन लिटर हवा धरली तर पाव लिटरहून जास्त जागा भरून निघावी लागते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा येते. तो पाण्यात असेल तर पाणी येतं. तो बुजला असेल तर ओढ सीलच्या ओठावर पडते. सील आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेलं असतं, बाहेरून येणारं पाणी अडवायला नाही. नवं सीलही हार मानतं.

उपाय स्वस्त आहे. मागच्या ॲक्सलच्या नळीवर टोपीसारखा छोटा ब्रीदर दिसेल. आधी आजूबाजूचा चिखल ब्रशने आणि पाण्याने साफ करा, नाहीतर तो उघडताना माती सरळ आत पडते. ब्रीदर काढून तोच नमुना म्हणून दुकानात न्या, कारण आटे गाडीगणिक वेगळे असतात. त्या आट्याचं नळीचं निपल घ्या. अंबड-सातपूरकडे न्यूमॅटिक सामानाच्या दुकानात मिळतं. नळी तेल सोसणारी हवी: 6 किंवा 8 मिलिमीटर आतल्या व्यासाची नायट्राइल फ्यूएल होज. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी उन्हाने कडक होऊन तडकते. मागच्या ॲक्सलसाठी तीन-साडेतीन मीटर, पुढच्यासाठी दीड आणि गिअरबॉक्स व ट्रान्सफर केससाठी प्रत्येकी दीड मीटर धरा.

नळी चासीच्या कडेने, ब्रेक पाइपच्या सोबतीने, फायरवॉलवर बॉनेटच्या बिजागरीपर्यंत न्या. सायलेन्सरपासून किमान वीतभर दूर. ॲक्सल खाली लोंबकळतो तेव्हा नळी ताणली जाऊ नये म्हणून तिथे 30 सेंटिमीटरचा मोकळा वळसा ठेवा. गाडी जॅकवर घेऊन चाक हवेत सोडून हे तपासाच; याच जागी नळ्या सुटतात. वाटेत कुठेही झोळ पडू देऊ नका, झोळात थेंब साचतात आणि नळी बुजते. वरच्या टोकाला मोटारसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावून तोंड खाली वळवा. चारही नळ्या एकाच जोडात आणणारे किट मिळतात, पण वेगवेगळ्या ठेवल्या तर कुठल्या घरात पाणी शिरलं ते लगेच कळतं.

काम झाल्यावर वरच्या टोकातून तोंडाने फुंका. हवा सहज आत जायला हवी. कॉम्प्रेसर लावू नका. तेवढ्या दाबाने चांगलं सील जागचं उठेल.

आताचं दुधाळ ऑइल पूर्ण काढा, त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल भरून दोन-तीन किलोमीटर हळू फिरवा, तेही काढा आणि मग चांगलं भरा. मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तर पुस्तकात दिलेलं ऑइलच घाला, तिथे काटकसर नको. पुढच्या वेळी पाण्यात जाण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या.

स्नॉर्कल बसवून घेतला. तो हवाबंद आहे हे घरी कसं तपासायचं?
— वाचक, पेठ रोड, नाशिक

इंजिन आयडलवर ठेवा आणि स्नॉर्कलचं तोंड जाड रबरी शीटने पूर्ण झाका. काही सेकंदांत इंजिन घुसमटून बंद पडायला हवं. रबरी पाइप पिचकायला लागला तर लगेच शीट काढा. इंजिन आरामात चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येईल. स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घेऊन जोडांवर मारा. फेस आत ओढला जाईल तिथे फट.

बहुतेक वेळा दोषी ठिकाणं दोनच. पहिलं, फिल्टरच्या डब्याचं झाकण. ते क्लिपवर असतं आणि गॅस्केट धुळीने कडक झालेलं असतं. गॅस्केट पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. दुसरं, डब्याच्या तळाचा रबरी ड्रेन. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून कंपनीने तो दिलेला असतो आणि गाडी पाण्यात गेल्यावर तोच उलटं काम करतो. तो कायमचा बुजवणं चूक, कारण आपल्याकडच्या पावसात स्नॉर्कलच्या तोंडातून थेंब येतातच आणि ते डब्यात साचतात. पाण्यात जाताना रबरी बूच, बाहेर आल्यावर बूच काढून डबा रिकामा. बुचाला लाल दोरी बांधून स्टिअरिंगवर अडकवा, म्हणजे विसरत नाही.

बोलेरोचा पंखा पाण्यात रेडिएटरवर आपटला, जाळी फाटली. पंखा पाण्यात मागे ढकलला जायला हवा ना, पुढे कसा आला?
— वाचक, हरसूल

पंखा हवा मागे फेकतो, म्हणून त्याला स्वतःला पुढे रेटा बसतो. हवेत तो रेटा किरकोळ. पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी जड, त्यामुळे पाती पुढे वाकतात आणि पुढे रेडिएटर आहे. इंजिनचे फेरे जितके जास्त तितका धोका मोठा.

ताडपत्री लावा. दोन मीटर बाय दीड मीटर, बंपरच्या खालून बॉनेटवर घेऊन दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांना घट्ट बांधलेली. गाडी सलग पुढे जात राहिली की लाट ताडपत्रीवर अडते आणि मागे इंजिनच्या जागेत पाण्याची पातळी खाली राहते. यात दोन अटी आहेत: मध्ये थांबायचं नाही आणि रिव्हर्स घ्यायचा नाही. थांबलात की दोन्हीकडची पातळी सारखी होते. बाहेर येताच ताडपत्री सोडा, नाहीतर इंजिन तापेल. इलेक्ट्रिक पंखा असलेल्यांनी आधी एसी बंद करावा. एसी चालू असला की पंखा इंजिन थंड असतानाही फिरतो.

फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी संथ गिअरची जोडणी), दुसरा गिअर, ताशी पाच-सहा किलोमीटर, फेरे दीड ते दोन हजार. गिअर पाण्याबाहेर टाकायचा आणि पाण्याबाहेर आल्यावरच बदलायचा. मध्येच क्लच दाबला तर प्लेट सुटते, चिखलपाणी आत शिरतं आणि मग क्लच घसरतो.

पेट्रोल जिम्नी आहे. वायरिंगचे सगळे जोड सिलिकॉनने बंद करू का?
— वाचक, ओझर

नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. वर्षभरात आत हिरवी बुरशी दिसेल. कनेक्टर उघडून सुकवा, रबरी सीलला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या, बंद करा. इग्निशन कॉइलच्या रबरी बुटांनाही तसंच. खरी भानगड बाहेरून जोडलेल्या दिव्यांची असते: चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. ते कापून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घाला. हेडलाइट काही मिनिटं आधी बंद ठेवा, तापलेला दिवा पाण्यात थंड होताना ओल आत ओढतो.

पाण्यात डिझेल गाडी बंद पडली तर?
— वाचक, त्र्यंबकेश्वर

किल्ली फिरवू नका. बरीच इंजिनं पाण्याने नाही, पाण्यात पुन्हा स्टार्टर मारल्याने जातात.

इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलला, ओढून बाहेर. गिअरमध्ये ओढली तर इंजिन फिरतं आणि नुकसान तेच होतं. दोर बांधायचा हूक पाण्याखाली शोधत बसू नका, पट्टा आत जाण्याआधीच हुकाला लावून बॉनेटवर ठेवलेला असावा. बाहेर आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या पलीकडचा, इंजिनकडे जाणारा पाइप आतून बोटाने पुसा. कोरडा असेल तर बहुधा वायरिंगने दगा दिला. ओला असेल तर काम मोठं आहे: इंटरकूलरचे पाइप सोडून पाणी काढायचं (हे हमखास राहून जातं, आणि तिथे साचलेलं पाणी इंजिन सुरू होताच आत जातं), ग्लो प्लग (डिझेल सिलिंडर तापवणारे प्लग) काढायचे, क्रँकची पुली पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायची. ग्लो प्लग जाम असेल तर जोर करू नका. तो हेडमध्ये तुटला तर पाण्यापेक्षा जास्त खर्च करवतो. नंतर इंधन बंद ठेवून स्टार्टर काही सेकंद. भोकांसमोर तोंड नको, पाणी जोरात उडतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली किंवा रंग दुधाळ असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, पंधरा मिनिटं चालवा, पुन्हा बदला.

इंजिन सुरू झालं तरी कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजून घ्या. एकाचं कमी आलं तर रॉड किंचित वाकलाय. तो हजारो किलोमीटर चालतो आणि एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टची जोड लागते.

फरशी पुलावरून फूटभर पाणी वाहत असेल तर जड फोर बाय फोर काढता येते का?
— वाचक, देवळाली कॅम्प

काढू नका. वर लिहिलेली सगळी तयारी उभ्या पाण्यासाठी आहे. पाणी फ्लोअरच्या वर चढलं की प्रत्येक दहा सेंटिमीटरला गाडीचं सुमारे अर्धा टन वजन उचललं जातं. पावणेदोन टनांच्या गाडीचं शेवाळलेल्या फरशीवर मग काय उरतं? प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि तो गाडीच्या संपूर्ण कुशीवर बसतो. कडेचे दगड वाहून गेलेले असतात, तांबड्या पाण्यात ते दिसत नाहीत, आणि वरून धरणाचा विसर्ग वाढला की फुटाचे दोन फूट व्हायला वेळ लागत नाही. गोदाघाटावर पाणी किती चढलं ते तिथली दुतोंड्या मारुतीची मूर्ती सांगते. दारणा किंवा कडवा नदीच्या फरशीला असा मारुती नाही.

पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी काय करावं?
— वाचक, गंगापूर रोड

पहिले दोन-तीनशे मीटर ब्रेक हलका दाबत चला, लायनर सुकतात. मागे ड्रम असतील तर त्याच आठवड्यात उघडून गाळ काढा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना नवं ग्रीस भरा, जुनं मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत. रेडिएटरची जाळी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट थोडासाच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच टपकतं. पहिले थेंब स्वच्छ तेलाचे आले तर बोल्ट कसून टाका.