मुलीच्या कबड्डीचे 1,200 रुपये रोख भरावेत की शाळेने दिलेली चिवड्याची पाकिटं विकून वळते करावेत? (नाशिक)

जमत असेल तर सरळ पैसे भरा आणि पावती घ्या. पालक-शिक्षक संघाच्या समितीत हे हिशोब मी जवळून पाहिलेत. 100 रुपयांच्या पाकिटामागे 15 रुपये सुटतात असं धरलं, तरी 1,200 साठी 80 पाकिटं खपवावी लागतात. त्यात नाशकात चिवडा विकणं म्हणजे गंगेवर पाणी विकणं! शेवटी निम्मी पाकिटं मामा-आत्याच्याच गळ्यात पडतात, उरलेली आपल्याच डब्यात. मुलगी दारोदार फिरणार, तो वेळ सरावाचा. विक्रीच करायची तर आधी लेखी विचारा:

- नफा तुमच्या मुलीच्या नावावर जमा होणार की कबड्डी संघाच्या सामायिक खात्यात?
- न खपलेला माल परत घेणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर हात लावू नका.

मात्र एकरकमी भरणं जड जात असेल तर विक्रीआधी हप्ते मागून बघा, बऱ्याच शाळा देतात. आणि खासगी शाळा असेल तर ही रक्कम मंजूर शुल्कात आहे का तेही विचारा. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावाच लागतो.