गल्लीतल्या कुत्र्याची डीएनए चाचणी केली तर नेमकं काय कळतं?

तुम्ही विचारलंय, शिरोली एमआयडीसीजवळून उचलून आणलेलं पिल्लू आता मोठं झालंय, कान उभे, पाठ काळी, पाय तांबूस. बघेल तो म्हणतो, ‘जर्मन शेफर्ड क्रॉस आहे.’ डीएनए चाचणीत खरं काय ते कळेल का, आणि त्यासाठी पैसे घालावेत का?

कळेल, पण प्रत्येक चाचणीतून नाही. आणि शेफर्ड निघण्याची शक्यता लोक म्हणतात त्यापेक्षा बरीच कमी धरा. उभे कान ही आपल्या गावठी कुत्र्यांची नेहमीची ठेवण आहे. काळी पाठ आणि तांबूस पाय हा रंगही शेफर्डच्या मालकीचा नाही, गावठी कुत्र्यांतही तो सर्रास दिसतो. पंचगंगा घाटावर सकाळी चक्कर मारलीत तर असे चार-दोन भेटतील.

मी कोल्हापूरचाच. आमची कुत्री चांदी 2019 च्या महापुरानंतर इथल्या दुधाळी भागातून घरी आली. अंगावर पट्टे, बारीक कंबर, लांब पाय, निमुळतं तोंड. गल्लीत एकमत झालं की ही कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंडची. शेजारच्या आबांनी तिचा मागचा पाय हातात घेऊन नखं मोजली आणि म्हणाले, ‘वीसनखी हाय, जातिवंत हाय, सोडू नकोस.’ आबांचा शब्द आमच्याकडे वजनदार, त्यांनी आयुष्यभर कुत्री पाळलीत.

तसं बघायला गेलं तर कारवानी म्हणणं काही अगदीच हवेतलं नव्हतं. मुधोळ बागलकोट जिल्ह्यातलं, आपल्या सीमाभागाला जवळचं. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची पैदास जपली, पंचम जॉर्ज बादशहाला जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव रुजलं. 2005 मध्ये त्यावर टपाल तिकीटही निघालं. आपल्या भागात शिकारीसाठी आणि शर्यतीसाठी ही कुत्री पाळली जातात, त्यामुळे रस्त्यावरच्या कुत्र्यांत त्यांचं रक्त उतरणं अशक्य नाही.

चाचणीसाठी किट येतं. त्यात लांब काडी असते, टोकाला मऊ बोळा. ती गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत अर्धा मिनिट नीट फिरवायची. चांदीनं दात घट्ट मिटून घेतले होते. बायकोनं एका हातानं तिचा जबडा धरला, दुसऱ्या हातानं कानामागे खाजवत राहिली, तेव्हा कुठे मला काडी आत घालता आली. लाळ नुसती ओघळून उपयोग नसतो, गालाच्या आतल्या पेशी बोळ्याला लागायला हव्यात. त्याआधी तासभर तोंडात भाकरीचा तुकडासुद्धा जाऊ द्यायचा नाही आणि दुसऱ्या कुत्र्याच्या थाळीला तोंड लावू द्यायचं नाही, नाहीतर नमुना भेसळीचा होतो. पिल्लू आईचं दूध पीत असेल तर आधी काही वेळ वेगळं ठेवावं लागतं. काडी हवेवर सुकवून मगच बंद करायची.

निकाल आला त्यात सगळ्यात मोठा हिस्सा दक्षिण आशियातल्या गावकुत्र्यांचा. त्याखालोखाल थोडा लॅब्रॅडॉर. शेवटी एक लहानसा तुकडा पॉमेरियन-स्पिट्झ गटाचा. हाउंडचा मागमूस नाही.

पॉमेरियन बघून घरातले सगळे चक्रावले, कारण चांदीचे केस बोटभरसुद्धा नाहीत. पण यामागचं शास्त्र सरळ आहे. लांब केसांचा गुण मुख्यतः एका जनुकातल्या बदलानं येतो आणि तो अप्रकट असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. झुपकेदार पॉमेरियन आणि आखूड केसांची गावठी यांची पिल्लं आखूड केसांचीच निघतात. पुढच्या पिढीत तर पॉमेरियन कुठे दिसतही नाही, डीएनएत मात्र राहतो. कुत्र्याच्या केसांची लांबी, कुरळेपणा आणि तोंडावरच्या मिशा-भुवया यातला बहुतेक फरक फक्त 3 जनुकांवर ठरतो, हे 2009 मध्ये सिद्ध झालं. आखूड पायांमागेही असाच एक ठळक बदल आहे. म्हणजे ज्या गोष्टी बघून आपण ‘हा अमक्याचा क्रॉस’ म्हणतो, त्या 78 गुणसूत्रांतल्या मोजक्या जागांवरून आलेल्या असतात. उरलेलं सगळं रूपावरून दिसतच नाही. अमेरिकेत बार हार्बर इथं स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी बसेन्जी आणि कॉकर स्पॅनियल या दोन जातींचा संकर करून पाहिला होता, तर पुढच्या पिढ्यांतली बरीच पिल्लं दोन्हींपैकी कुणासारखीच दिसेनात.

आबांच्या वीस नखांचंही तसंच. कुत्र्याला साधारणपणे 18 नखं असतात, पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार. मागच्या पायांना एकेक जादा नख येतं तेही डीएनएतल्या एका छोट्या बदलामुळे. काही विलायती जातींत ते हटकून असतं, गावठीतही अधूनमधून सापडतं. त्यावरून घराणं ठरत नाही. चांदीची राखण मात्र पक्की आहे.

आता टक्क्यांकडे येतो, कारण पैसे घालायचे की नाही ते यावर अवलंबून आहे. चाचणी करणारे तुमच्या कुत्र्याच्या डीएनएवर लाखभर किंवा त्याहून जास्त ठिकाणी कोणतं अक्षर आहे ते वाचतात, मग गुणसूत्रांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्यांच्याकडच्या डीएनए नमुन्यांच्या संग्रहातल्या कोणत्या कुत्र्यांशी जुळतो ते बघतात. सगळा खेळ त्या संग्रहाचा आहे. आपल्याकडे गावोगावी हेळवी येतात आणि चोपडीतून कुळी वाचून दाखवतात. ज्या घराण्याची नोंद त्यांच्या चोपडीत आहे त्याचीच कुळी ते सांगू शकतात. इथंही तसंच आहे. फरक एवढाच की संग्रहात नोंद नसली तरी यंत्र गप्प बसत नाही, जवळात जवळचं नाव लावून मोकळं होतं. संग्रहात फक्त विलायती जाती असतील तर आपल्या गावठी कुत्र्याला चाऊ चाऊ, बसेन्जी असली नावं टक्क्यांसकट चिकटतात. लोक ती खरी मानून कौतुकानं सांगत सुटतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुधोळचे नमुने नसतील तर अस्सल कारवानीही सलुकी किंवा ग्रेहाउंड असल्या परदेशी हाउंड जातीची म्हणून दिसेल. आमचा निकाल वाचतानाही मी हे ध्यानात ठेवतो. पॉमेरियन लिहिलंय ते आपल्याकडे घरोघरी असणारं इंडियन स्पिट्झ असण्याची शक्यता जास्त.

मुळात आपली गावठी कुत्री म्हणजे या जातींची भेसळ नव्हेच, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विलायती जातींच्या काटेकोर नोंदी ठेवायला सुरुवात झाली ती इंग्लंडात 1873 मध्ये केनेल क्लब निघाल्यानंतर. गावकुत्री त्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणसाच्या दारात आहेत. 2015 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 38 देशांतल्या 549 गावकुत्र्यांचा डीएनए तपासला. दक्षिण अमेरिका आणि पॅसिफिक बेटांवरची कुत्री जवळपास पूर्णपणे युरोपी वंशाची निघाली. भारत, व्हिएतनाम आणि इजिप्तमधल्या कुत्र्यांत मात्र युरोपी मिश्रण अगदी नगण्य. तेव्हा निकालात नुसतं ‘गावकुत्रा’ आलं तर पैसे वाया गेले असं समजू नका. ते पूर्ण उत्तर आहे, आणि कुठल्याही शेफर्डच्या वंशावळीपेक्षा जुनं आहे.

लहान टक्क्यांवर फार विसंबू नका. आई-बापाकडून निम्मं-निम्मं येतं, आजीआजोबांकडून सरासरी चौथा हिस्सा. सरासरी म्हणायचं कारण, प्रत्येक पिल्लात वाटणी थोडी कमीजास्त होते. एकाच वेताच्या भावंडांचे निकाल त्यामुळे वेगळे येतात. शिवाय रस्त्यावरच्या कुत्रीच्या एका वेतात पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे तुमच्या कुत्र्याच्या भावाचा निकाल तुमच्या कुत्र्याला लावता येत नाही. चार-पाच टक्क्यांच्या खालचं नाव आलं तर ते सोडून द्या.

स्वभाव कळावा म्हणून चाचणी करणार असाल तर करू नका. 2022 मध्ये अमेरिकेत 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि 2,155 कुत्र्यांचा डीएनए वाचून अभ्यास झाला. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो त्यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीनं सांगता आला. तुमचं कुत्रं पोरांशी कसं वागतं, फटाक्याला किती घाबरतं, हे तुम्ही रोज बघताच आहात. अहवाल त्याहून जास्त सांगणार नाही.

मी पैसे घालायला सांगेन ते आरोग्याच्या भागासाठी. एमडीआर-1 नावाच्या जनुकात एक दोष असतो. तो कोली (Collie) या विलायती मेंढपाळ कुत्र्यांच्या जातीत खूप आढळतो, शेफर्डमध्ये कमी प्रमाणात, आणि त्यांच्या संकरांतही उतरतो. असा दोष असलेल्या कुत्र्याच्या मेंदूत काही औषधं नको तितकी शिरतात. त्यातलं आपल्याकडे हमखास वापरलं जाणारं औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. खरजेसाठी ते मोठ्या मात्रेत देतात आणि दोष असलेलं कुत्रं त्यानं लडखडतं, बेशुद्ध पडतं, दगावूही शकतं. गोठ्यातली गुरांची बाटली काढून गोचिडांसाठी कुत्र्याला अंदाजानं सुई मारणारे मी पाहिलेत. ते कुठल्याच कुत्र्याला करू नका, चाचणी केलेली असो वा नसो. तुमच्या कुत्र्यात लोक म्हणतात तसा शेफर्ड खरंच असेल तर मागचे पाय हळूहळू लुळे पडणाऱ्या डिजनरेटिव्ह मायलोपथीचा धोकाही अहवालात कळतो. त्यात दोषाची एकच प्रत दिसली तर घाबरू नका, आजाराचा खरा धोका दोन प्रती असलेल्या कुत्र्यांना असतो. आणि दोन प्रती असल्या तरी आजार होईलच असं नाही.

पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: तुमच्या संग्रहात भारतातली गावकुत्री आहेत का, मुधोळ आहे का, एमडीआर-1 यात धरलंय की वेगळे पैसे पडतील, आणि भारतातून पाठवलेला नमुना घेता का. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर जातीच्या टक्क्यांसाठी ते किट घेऊ नका, फक्त आरोग्याची चाचणी स्वतंत्र मिळते का ते बघा. अहवाल हातात आला की त्यातलं औषधांचं पान छापून तुमच्या डॉक्टरांकडच्या कार्डाला जोडून ठेवा.