कोलंबसच्या आधी व्हायकिंग (उत्तर युरोपातले दर्यावर्दी) अमेरिकेत पोहोचले होते, मग ते तिथे टिकले का नाहीत?

पोहोचले होते, यात आता वाद नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या मातीच्या घरांचे अवशेष १९६० मध्ये सापडले. सोबत काशाची टाचणी, सूत कातायच्या चातीची दगडी चकती (म्हणजे बायकाही आल्या असणार!) आणि लोखंडी हत्याराने तोडलेली लाकडं. त्यातली काही इ.स. १०२१ ची, वर्षासकट ठरलंय.

टिकले नाहीत, कारण माणसंच कमी. मागे आधार ग्रीनलंडचा, आणि तिथली त्यांची वस्तीच भरात असतानाही जेमतेम दोन-तीन हजारांची. त्यात स्थानिकांशी चकमकी. तलवारी असल्या तरी बंदुका नव्हत्या. कोलंबसमागे स्पेनचा खजिना होता आणि युरोपातले रोगही, ज्यांनी स्थानिकांचा फडशा पाडला.