लस टोचली म्हणून लेकरू बोलायचं थांबलं का?

(वाचकांचे प्रश्न. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं लसीवरच आलीत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही केज तालुक्यातले. माझा मुलगा सोळा महिन्यांचा झालाय. आशाताई येऊन सांगून गेल्या की बूस्टर अन् गोवरचा दुसरा डोस राहिलाय, बुधवारी अंगणवाडीत घेऊन या. पण माझ्या नणंदेच्या मुलाला ऑटिझम निघालाय. तो दीड वर्षाचा असताना हीच सुई दिली होती, त्याच रात्री लई ताप आला अन् तिथून पुढं हाक मारली तरी तो बघायचाच बंद झाला असं नणंद सांगते. आता सासूबाई म्हणायल्यात की आपल्याला ती सुईच नको. ह्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पण आलाय, त्यात सांगतेत की परदेशातल्या एका डॉक्टरनं हे शोधून काढलं होतं अन् त्यालाच गप्प केलं. मी काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, बुधवारी लेकराला घेऊन जा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं वाचेपर्यंत बुधवार निघून जायचा.

आता नणंदबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांनी जे बघितलं तेच त्या सांगतायत, त्यामुळं घरात त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त वयाचा हिशोब बघा. ही सुई असते सोळा ते चोवीस महिन्यांत. लेकरानं शब्द बोलावेत, बोट दाखवून वस्तू मागावी, हाक मारली की वळून बघावं अशी आपण वाट बघतो तेही याच महिन्यांत, आणि ते होत नाहीये हे आईच्या लक्षात येतं तेही तेव्हाच. त्याच्या आधी आठ-दहा महिन्यांचं लेकरू हाकेला बघत नसलं तर घरातले काय म्हणतात? गुणी आहे, त्रास देत नाही, आपलं आपलं खेळतंय. काही मुलं आलेले दोन-चार शब्द विसरतात, तेही बहुतेक दीड-दोन वर्षांच्या आसपासच, आणि हे लस न घेतलेल्या मुलांतही होतं. अभ्यासकांनी अशा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ काढून बघितले तर नावानं हाक मारल्यावर न बघणं, दुसऱ्याच्या तोंडाकडं कमी बघणं हे त्यातही दिसत होतं, फक्त तेव्हा घरच्यांना ते जाणवलं नव्हतं. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्यातलं हे आहे.

तापाचं पण नीट समजून घ्या, कारण इथंच सगळा गोंधळ होतो. या वेळी एकाच दिवशी दोन सुया असतात. एक मांडीत, ती डीपीटीचा बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. दुसरी उजव्या दंडावर कातडीखाली, ती एमआर, म्हणजे गोवर-रुबेला. त्याच रात्री चढतो तो ताप मांडीतल्या सुईचा, मांडी सुजते, गाठ येते, लेकरू पाय हलवू देत नाही, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. एमआरचा ताप त्या रात्री येतच नाही. त्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, तो अंगात वाढायला वेळ लागतो, म्हणून कुणाला ताप किंवा बारीक पुरळ आलंच तर आठवडाभरानंतर येतं. आणि व्हिडिओवाला बोट दाखवतो ते गोवरच्या लसीकडं! म्हणजे घरातली गोष्ट एका सुईची अन् व्हिडिओतली दुसऱ्याच सुईची, दोन्ही जोडून भीती मात्र एक झालीय.

तो परदेशी डॉक्टर म्हणजे अँड्र्यू वेकफिल्ड, लंडनचा. १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' नावाच्या मोठ्या मासिकात त्याचा लेख आला. मुलं किती तपासली होती? १२. त्यावर पत्रकार परिषद घेऊन त्यानं सांगितलं की एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, थांबवा, वेगवेगळ्या लसी द्या. पुढं ब्रायन डीअर नावाच्या पत्रकारानं प्रकरण खणून काढलं तेव्हा कळलं की लस कंपन्यांवर केस करायच्या तयारीतल्या वकिलाकडून या माणसानं चार लाख पौंडांहून जास्त पैसे घेतले होते, आणि गोवरच्या वेगळ्या लसीच्या पेटंटसाठी स्वतःच अर्ज केलेला होता. मुलांचे दवाखान्यातले कागद अन् लेखात लिहिलेलं यांचा मेळ बसेना. काहींना लक्षणं सुईच्या आधीपासूनच होती. २००४ मध्ये त्याच्या दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं, २०१० मध्ये लॅन्सेटनं लेख रद्द केला आणि त्याच वर्षी तिकडच्या मेडिकल कौन्सिलनं त्याचं रजिस्ट्रेशन काढून घेतलं. गप्प केलं म्हणे, माणूस आजही जगभर भाषणं देत फिरतो.

त्यानंतर लोकांनी खरंच तपासून बघितलं, आणि बारा नाही, लाखो मुलं. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नव्हता, आणि तुमच्या कामाचं म्हणजे ज्यांच्या सख्ख्या भावंडांना ऑटिझम आहे त्यांच्यातही लसीमुळं तो वाढलेला नव्हता. जपानात योकोहामा शहरात तर उलटी परीक्षा झाली, तिथं १९९३ मध्ये एमएमआर बंदच पडली, तरी ऑटिझमची संख्या वाढतच राहिली. आणि ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन लिओ कॅनर यांनी केलं १९४३ साली, गोवरची लस आली १९६३ मध्ये. वीस वर्षं आधी कुठल्या सुईनं झाला म्हणायचा?

एक गोष्ट त्या व्हिडिओत कुणी सांगणार नाही. आई गरोदर असताना सुरुवातीच्या महिन्यांत तिला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष होऊ शकतो, आणि ऑटिझमही. १९६४ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती, तेव्हा पोटात असताना बाधा झालेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. म्हणजे ऑटिझमच्या ज्या थोड्या कारणांबद्दल आपल्याला खात्री आहे त्यातलं एक ही लस थांबवते!

सासूबाईंना माझ्याकडून एवढंच विचारा की त्यांच्या लहानपणी गल्लीत गोवर आला की काय व्हायचं. दाराला लिंबाचा पाला, घरात फोडणी नाही, देवीचं आहे म्हणून दवाखाना नाही, अन् अंगावरचं गेलं तरी न्यूमोनियानं, जुलाबानं लेकरं दगावायची. त्यांना आठवेल, आपल्या पिढीनं ते बघितलंच नाही म्हणून आपल्याला गोवर किरकोळ वाटतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडं साथ आली, लेकरं गेली. अमेरिकेत २००० साली गोवर संपला म्हणून जाहीर केलं होतं, २०२५ मध्ये टेक्सासात लस न घेतलेली शाळेच्या वयाची दोन मुलं त्यानंच गेली. गोवर असलेलं माणूस खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो, मग जत्रेत अन् एसटीत काय होत असेल बघा.

बुधवारी गेल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. सिस्टर एमआरची बाटली कालवतात तेव्हा तिच्यावर वेळ लिहितात, चार तासांच्या पुढं ती वापरायची नसते, तुम्ही बघायला मागितली तर त्या रागावणार नाहीत. तापाचं औषध वजनावर किती द्यायचं ते तिथंच विचारून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी लातूरहून लिहितेय. माझ्या मोठ्या मुलाला ऑटिझम आहे, चार वर्षांचा आहे. सासरचे म्हणतात तूच नेलं होतंस सुई द्यायला. मी आता धाकटीला एकही लस दिली नाही, ती अकरा महिन्यांची आहे. बरोबर केलं ना?

उत्तर : नाही, ताई. पण तुमच्यावर हा बोजा टाकला त्यांनी तुमच्याहून जास्त चूक केलीय, हे त्यांना हा अंक दाखवून सांगा. ऑटिझमचा मोठा भाग जनुकांतून येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांच्या घराण्यांतून, त्याची तयारी बहुतांशी बाळ पोटात असतानाच होते. तुम्ही दवाखान्यात नेलं त्यात काही चुकलेलं नाही.

धाकटीचा धोका भावामुळं इतरांपेक्षा बराच जास्त आहे, हे खरं आहे. पण तो सुईनं वाढत नाही. अमेरिकेत मोठं भावंड असलेल्या ९५ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशी मुलंही होती, त्यांच्यातही एमएमआरनं काही वाढलं नव्हतं. लस न देऊन तिला ऑटिझमपासून काहीच संरक्षण मिळालेलं नाही, आणि गोवर, घटसर्प, डांग्या खोकला या सगळ्यांना मात्र दार उघडं राहिलंय. याच आठवड्यात न्या, राहिलेल्या लसी वयाप्रमाणं सुरू करून देतात. आणि तिच्याकडं बारीक लक्ष ठेवा : हाकेला बघते का, बाय-बाय करते का, दीड वर्षाची होईपर्यंत बोट दाखवून तुम्हाला काही दाखवते का. शंका आली तर "मुलं उशिरा बोलतात" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

मोठ्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासायचं केंद्र आहे का ते विचारा, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपीची वाट तिथून मिळते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे, प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढं शाळेत लागतं. अंगातला पारा काढून देतो, स्टेम सेलनं बरं करतो असं सांगणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. आणि पारा काढायच्या त्या औषधानं २००५ मध्ये अमेरिकेत एका ऑटिझमच्या मुलाचा जीव गेलाय.

प्रश्न : पारा म्हणालात म्हणून विचारतो, लसीत पारा असतो हे खरं का? अन् खाजगीतली एमएमआर चांगली की सरकारी एमआर? – नांदेडहून एक बाप

उत्तर : एमआर आणि एमएमआर, दोन्हींत पारा नाही, जिवंत विषाणूच्या लसीत ते चालतच नाही. पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीसारख्या, जास्त डोसांच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल अगदी थोडं असतं, त्यातला पारा वेगळ्या प्रकारचा, तो शरीरातून लवकर बाहेर पडतो. अमेरिकेनं लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून तो २००१ पर्यंत काढून टाकला, तरी तिथं ऑटिझमचे आकडे वाढतच गेले, मग दोष कुणाचा? एमएमआरमध्ये गालगुंडाची लस जास्तीची असते, एवढाच फरक. परवडत असेल तर घ्या, पण तिच्यासाठी पैसे जमवायचे म्हणून गोवरचा डोस लांबवू नका, सरकारी एमआर कमी प्रतीची अजिबात नाही.

प्रश्न : आम्ही दसऱ्यानंतर कारखान्याला जातो, वापस यायला एप्रिल उजाडतो. पोरगी दोन वर्षांची झाली, मधले डोस राहिले अन् कार्ड पण कोपीत हरवलं. आता पहिल्यापासून द्यावं लागतं का?

उत्तर : पहिल्यापासून नाही, जिथं थांबलं तिथून पुढं. एमआर राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात, डीपीटी सात वर्षांपर्यंत. कार्ड हरवलं तर गावाकडच्या सिस्टरच्या रजिस्टरला नोंद असते, मोबाइल नंबर यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीवर टाकलेला असेल तर तिथंही सापडते. कारखान्याच्या गावातल्या उपकेंद्रातही लस मिळते अन् फुकट मिळते, तुम्ही परजिल्ह्यातले म्हणून कुणी नाही म्हणू शकत नाही. नवीन कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, मुकादमाच्या नाही, स्वतःच्या.