मॅनिफेस्ट डेस्टिनी: श्रद्धा, हाव आणि कायदा

तुमचा प्रश्न असा आहे: अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतचा सगळा खंड ईश्वरानेच आपल्यासाठी राखून ठेवलाय, या कल्पनेवर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकनांचा खरोखर विश्वास होता का, की जमिनीची हाव झाकायला ते एक पांघरूण होतं?

माझ्या मते विश्वास खरा होता आणि हावही खरी होती. पण या दोन्हींच्या जोरावर एवढा खंड घशात घालता येत नाही. ते काम कायद्याने केलं, आणि तिकडे आपलं लक्ष फार कमी जातं. सिनेमांनी आपल्याला घोडे, बंदुका आणि धुळीचे लोट दाखवले. मोजणीदार, वकील आणि जमिनीच्या कचेऱ्या कधी दाखवल्या नाहीत.

या कल्पनेला मिळालेलं नाव, 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' (उघड नियती), हे शब्द १८४५ साली जॉन ओ'सलिव्हन संपादित करत असलेल्या 'डेमोक्रॅटिक रिव्ह्यू' या मासिकात आले, टेक्सास सामील करून घ्यावं असं सांगणाऱ्या एका लेखात. म्हणजे तसे उशिराच. १८०३ मध्येच राष्ट्राध्यक्ष जेफरसनने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड प्रदेश, घेतलं होतं. फ्रान्सने विकला तो खरं तर निव्वळ दावा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओसेज, पॉनी, लकोटा लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मग १८२३ मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्या दाव्याला कायद्याचा पाया दिला: प्रदेश 'शोधणाऱ्या' युरोपीय सत्तेकडे मालकी, मूळ रहिवाशांकडे फक्त वहिवाट. ती वहिवाट विकत घेऊन किंवा जिंकून संपवण्याचा अधिकार सरकारचा. पुढे जे जे झालं त्याची किल्ली मला या निकालात दिसते.

जॉर्जियाच्या भागातल्या चेरोकी या मूलनिवासी जमातीची हकिगत मी जरा सविस्तर सांगतो, कारण 'मागासलेल्यांना सुधारण्यासाठी' हा युक्तिवाद तिथे पार उघडा पडतो. सुधारणा म्हणजे जे जे गोऱ्यांना अभिप्रेत होतं, ते चेरोकींनी केलं होतं. सीकोया या माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी घडवली आणि काही वर्षांत तिचा वापर झपाट्याने पसरला. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली, १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे द्विभाषिक वृत्तपत्र सुरू केलं. शेती होती, शाळा होत्या. त्यांच्यातल्या श्रीमंतांनी तर गोऱ्या शेजाऱ्यांचं पाहून काळे गुलामही ठेवले होते. हेही लपवू नये.

पण त्यांची जमीन कापसाला उत्तम होती आणि तिथे डालोनेगाजवळ सोनं सापडलं होतं. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळात मूलनिवासींच्या हकालपट्टीचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या काँग्रेसपुढच्या (अमेरिकी संसदेपुढच्या) संदेशात जॅक्सनने हे धोरण परोपकारी ठरवलं आणि शहरं, शेतं, सुबत्ता असलेल्या प्रजासत्ताकापेक्षा काही हजार रानटी लोक फिरत असलेलं जंगल कोणता भला माणूस पसंत करील, असा सवाल केला. यात ढोंग असेलही, पण माणूस मनापासून बोलतोय असंच मला तो संदेश वाचून वाटतं. भीती वाटते ती त्याचीच.

१८३२ मध्ये वूस्टर खटल्यात त्याच मार्शल यांनी निकाल दिला, की जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या प्रदेशात चालत नाहीत. जॉर्जियाने निकाल धाब्यावर बसवला आणि जॅक्सनने तो अंमलात आणण्यासाठी काहीही केलं नाही. मग १८३५ मध्ये न्यू एकोटा इथे एका छोट्या गटाकडून करार करून घेतला गेला. निवडून आलेल्या चेरोकी सरकारने त्या गटाला कसलाच अधिकार दिला नव्हता. प्रमुख जॉन रॉस यांनी १५ हजारांहून जास्त सह्यांचा विरोध-अर्ज पाठवला. सिनेटने तरीही करार मंजूर केला, दोन तृतीयांश मतांची अट जेमतेम एका मताच्या फरकाने पार करून. एक मत! १८३८ मध्ये सैन्याने लोकांना घरातून काढून कोंडवाड्यांत घातलं आणि मग पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे हाकललं. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजारांच्या आसपास माणसं या सगळ्यात मेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

मेक्सिकोचं थोडक्यात. १८४६ ते ४८ चं युद्ध, ग्वादालुपे इदाल्गोचा तह, आणि टेक्सास धरून मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त प्रदेश अमेरिकेत. सैन्य थेट मेक्सिको सिटीत बसलेलं असताना सगळाच देश का घेतला नाही? एक कारण सिनेटर कॅल्हून यांनी जानेवारी १८४८ मध्ये उघड सांगितलं: आमचं सरकार गोऱ्या वंशाचं आहे, आणि गोरे नसलेले इतके लोक आम्हाला आत नकोत. हवी होती ती जमीन, शक्यतो माणसांवाचून. त्या युद्धात लढलेल्या आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटने पुढे आत्मचरित्रात ते बलवानाने दुर्बलावर लादलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी एक होतं, असं लिहून ठेवलं. नव्या प्रदेशात गुलामगिरी चालणार की नाही, या भांडणातून देश १८६१ च्या यादवीपर्यंत पोचला, म्हणजे घेतलेल्या जमिनीने घेणाऱ्यांचंही घर फोडलं.

यादवी चालू असतानाच, १८६२ मध्ये, होमस्टेड कायदा आला. पाच वर्षं राहा, जमीन कसा, किरकोळ शुल्क भरा, १६० एकर तुमचे. नॉर्वे-जर्मनीतून आलेले भूमिहीन, नंतर दक्षिणेतून कॅन्ससला गेलेले मुक्त गुलाम, अशा कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली. या लोकांना सरसकट लुटारू म्हणायला माझं मन धजत नाही. सरकारने त्यांना दिलेला कागद कायदेशीर होता; त्या कागदाखालची जमीन कशी मिळवली होती, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

'बहुतेक मूलनिवासी रोगराईने मेले, त्यात कुणाचा दोष?' असंही नेहमी म्हटलं जातं. देवी आणि गोवरने भयंकर संहार केला हे खरंच आहे. पण कॅलिफोर्निया पाहा. १८४८ मध्ये तिथे अंदाजे दीड लाख मूलनिवासी होते, १८७० पर्यंत जेमतेम ३० हजार उरले. मधल्या काळात १८५० च्या कायद्याने त्यांना वेठीला धरायची सोय केली, गव्हर्नर बर्नेटने १८५१ मध्ये त्यांचा वंश नष्ट होईपर्यंत युद्ध चालेल असं विधिमंडळाला सांगितलं, आणि त्यांना मारणाऱ्या टोळ्यांचा खर्च राज्याने भरून दिला. उपासमार आणि विस्थापन सोबतीला असलं की रोगही जास्त मारतो.

जमातींच्या सामायिक जमिनी वाटून टाकणाऱ्या १८८७ च्या डॉझ कायद्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडे एखाद्या गावाचं सगळं गायरान मोडून त्याचे तुकडे घरटी नावावर करावेत आणि उरलेलं सरकारने बाहेरच्यांना विकावं, तसा तो प्रकार होता. जमातींकडे तेव्हा सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ मध्ये राहिली ४.८ कोटी. इथे गोळीबार करावा लागला नाही.

हे सगळं संपलेलं प्रकरण आहे असं कृपया समजू नका. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्सचे डोंगर लकोटांच्या राखीव प्रदेशात होते, आणि त्यातली जमीन घ्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागणार होत्या. १८७४ मध्ये कस्टर या सैन्याधिकाऱ्याच्या मोहिमेने सोन्याची बातमी आणली. १८७७ मध्ये सरकारने जेमतेम दहा टक्के सह्यांवर डोंगर घेतले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने याची भरपाई देणं भाग आहे असं ठरवलं. व्याजासह ती १० कोटी डॉलरहून जास्त होती. लकोटांनी आजवर ती स्वीकारलेली नाही. खात्यातली रक्कम १०० कोटींच्या पुढे गेली आहे, देशातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी काही त्यांच्याच आहेत, आणि तरी त्यांची मागणी डोंगरांचीच आहे.

२०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की पूर्व ओक्लाहोमातला मस्कोगी या मूलनिवासी लोकांचा राखीव प्रदेश काँग्रेसने कधी रद्दच केलेला नाही, म्हणून कराराचा शब्द अजून लागू आहे. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका निकालात, मूलनिवासी नसलेल्यांनी तिथे मूलनिवासींविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांवर राज्यालाही खटले चालवता येतील असं ठरलं. वूस्टर खटल्यात जे मार्शल यांनी नाकारलं होतं, त्यातलं काही राज्याला १९० वर्षांनी मिळालं.