बांधापलीकडचं सोनं

प्रश्न : मुलगा टोरोंटोला असतो. त्याने सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर घेतलेत. अजून गुंजभरही सोनं निघालेलं नाही, पण कंपनीने जमीन दुप्पट केल्याची बातमी आली आणि स्वारी खूश! हातची जमीन खणायच्या आधीच आणखी कशाला घेतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एक गोष्ट. ही जमीन विकत घेतलेली नसते, तिथे खनिज शोधण्याचा हक्क तेवढा घेतलेला असतो. आणि सोन्याची शीर, म्हणजे खडकातला सोनं असलेला पट्टा, बहुधा तिरकी उतरते. वर तुमच्या हद्दीत दिसते, दोनशे मीटर खाली शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलेली असते.

मी काही वर्षं कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ड्रिलिंगचे, म्हणजे जमिनीत भोकं पाडून पेट्यांत भरलेल्या दगडांचे, नमुने तपासत होतो. एका जानेवारीत शेवटच्या पेटीतला दगड पायराइटने, म्हणजे सोन्यासोबत अनेकदा सापडणाऱ्या पिवळ्या चमकदार खनिजाने, नुसता गच्च भरलेला निघाला, आणि भोक हद्दीपासून जेमतेम साठ मीटरवर. साहेबाने पेटीवर झाकण टाकलं नि म्हणाला, “आज गावात कॉफीला कुणी जायचं नाही.” पहाटे आम्ही दोघं कुऱ्हाडी घेऊन बर्फात, शेजारच्या जमिनीवर हक्क सांगायला. तेव्हा हद्द पायी चालूनच आखावी लागे. ईशान्येच्या कोपऱ्यावर पहिला खांब, तिथून घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत चार खांब, वाटेतल्या झाडांवर साल तासून खुणा. खांब म्हणजे तिथलंच एखादं स्प्रूसचं झाड, कमरेच्या वर तोडून चारी बाजूंनी तासलेलं. त्यावर नाव, तारीख, वेळ पेन्सिलीने लिहायची. २०१८ पासून हे सारं संगणकावर झालं. मला हळहळ वाटली, गुडघ्यांना नाही.

साहेबाच्या डोक्यात हेमलो होतं. लेक सुपिरिअरच्या उत्तरेला, हमरस्त्यालगत, १९८१ मध्ये कोरोना नावाच्या छोट्या कंपनीला सोनं लागलं. लॅक या बड्या कंपनीची माणसं बघायला आली. भागीदारीच्या आशेने कोरोनाने त्यांना सगळं दाखवलं, शेजारची विल्यम्स यांची जागा आपल्याला हवी आहे हेही बोलून गेले. लॅकने ती जागा परस्पर स्वतःच घेतली आणि तिथे मोठी खाण उभी राहिली. १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कोरोनाला देववली, पण लॅकने केलेल्या बांधकामापोटी सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलर मोजायला लावून. शेजारची जमीन आधी घ्यावी आणि तोंड नंतर उघडावं, हे तिथल्या प्रत्येक भूशास्त्रज्ञाला पाठ असतं.

मात्र दुसरी बाजूही बघा. ऑन्टारिओत पहिलं वर्ष शोधाचं काही काम न करता हक्क राहतो. पुढे नकाशावरच्या एकेका पूर्ण चौकोनामागे वर्षाला ४०० डॉलरचं काम दाखवावं लागतं, नाहीतर हक्क जातो. त्यामुळे नुसती बातमी करायला जमीन वाढवणं स्वस्त पडतं. माझ्या नंतरच्या मालकांनी हेच केलं. नकाशा रंगवला, शेअर चढला, एकही भोक न पाडता दोन वर्षांत सगळे हक्क सुटले. माझे तीन पगारही.

मुलाला नकाशा उघडायला सांगा. सोनं लागलेलं भोक आहे का, आणि नवे चौकोन शीर उतरते त्या बाजूला आहेत का, एवढं पाहू दे. भोकच नसेल, तर त्याने शेअर का घेतले ते विचारा.