‘काका’ हा एकच शब्द इतक्या भाषांत कसा? नातं की योगायोग?

तुम्ही विचारलंय की एकच छोटासा शब्द चार भाषांत चार अर्थांनी भेटला, तर त्यांचं आपसांत नातं असतं की निव्वळ योगायोग. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी नैरोबीला निघालाय असंही लिहिलंय, त्याकडे शेवटी येतो. मी उदाहरण घेतो ‘काका’चं, कारण या शब्दानं माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे.

माझा मावसभाऊ बार्सिलोनात राहतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला संध्याकाळी बागेत न्यायचं काम माझ्याकडे होतं. एक दिवस ती घसरगुंडीच्या टोकावर उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “काकाऽ! काकाऽ!” मी खालून कौतुकानं हात हलवतोय, तोवर बाकावरच्या एक आजीबाई उठल्या, पिशवीतून ओल्या रुमालांचं पाकीट काढून माझ्या हातात कोंबलं आणि लगबगीनं संडासाच्या दिशेला बोट दाखवलं. स्पॅनिशमध्ये ‘काका’ म्हणजे शी.

हा अर्थ एकट्या स्पॅनिशचा नाही. लॅटिनमध्ये ‘काकारे’, जर्मनमध्ये ‘काकेन’, रशियनमध्ये ‘काकात्य’. सगळी एकाच क्रियेची क्रियापदं, एकाच कुळातली. इथवर सरळ नातं आहे. पण तुर्की, हंगेरियन आणि फिनिश या भाषा त्या कुळातल्या नाहीत, तरी तिथल्या आयासुद्धा पोरांना हाच शब्द शिकवतात (फिनिशमध्ये ‘काक्का’). म्हणजे शब्द कुळाचं कुंपण ओलांडून गेला, किंवा प्रत्येक अंगणात आपापला उगवला. बाळबोलीतल्या शब्दांचं हे नेहमीचंच आहे. बाळाला ओठांचे आवाज आधी जमतात, त्यामुळे ‘मामा’, ‘पापा’, ‘बाबा’ हे जगभर सापडतात आणि मोठी माणसं ते हवे त्याला चिकटवतात. रोमान याकॉब्सन या भाषाशास्त्रज्ञानं यावर लिहिलं आहे. आपला मामा आईचा भाऊ, आणि जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क वडील! ‘काका’ मात्र या रांगेत पुरता बसत नाही. ‘क’ लहान मुलांना उशिरा येतो. आमच्या घरातली सगळी पोरं आधी ‘ताता’च म्हणायची.

आता कावळा. संस्कृतमध्ये ‘काक’, तमिळमध्ये ‘काक्का’, मल्याळममध्येही तसंच. इथे कोणी कोणाकडून घेतलं यावर वाद घालण्यात मला रस नाही, कावळ्यानं स्वतःच नाव सांगितलं आहे. मराठीत सुटा ‘काक’ कोणी म्हणत नाही, पण काकदृष्टी आणि काकबळी आहेतच. तमिळमध्ये ‘कावळा पकडणं’ म्हणजे साहेबाची खुशामत करणं. तिकडे न्यूझीलंडमध्ये माओरी लोक एका मोठ्या तपकिरी पोपटाला ‘काका’ म्हणतात, आणि त्याच्या उडता न येणाऱ्या भाऊबंदाला ‘काकापो’. ‘पो’ म्हणजे रात्र, म्हणून हा रातपोपट. जगात मोजून दोन-अडीचशे उरलेत बिचारे. संस्कृत काक आणि माओरी काका यांचा काडीचा संबंध नाही. याला आपल्याकडे शब्दच आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

स्वीडिशमधला ‘काका’ मला सगळ्यात आवडतो. तिथे तो केक किंवा बिस्किट. इंग्रजीतला ‘केक’ मुळात उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘काका’वरूनच आला आणि इंग्रजीतून आपल्या बेकरीत. म्हणजे वाढदिवसाला आपण जो कापतो तो दूरच्या नात्यानं काकाच. स्वीडिश संकेतस्थळ उघडलं की ‘आमच्या काकोर स्वीकारा’ अशी पाटी येते, कारण संगणकातल्या कुकीजनाही ते हाच शब्द वापरतात. पुण्यात ‘काका हलवाई’ ही पाटी पाहून एखाद्या स्वीडिश माणसाला ती अगदीच रास्त वाटेल.

मग आपले काका? कुर्दिशमध्ये ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ. अफगाणिस्तानातल्या दरी आणि पश्तो या भाषांत चुलता. गुजरातीत चुलता, आपल्याकडे चुलता. नकाशावर ही गावं ओळीनं लागतात, आणि या वाटेनं व्यापारी, फौजा आणि फारसी दप्तरं शतकानुशतकं ये-जा करत होती. इथे कावळा-फांदी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाकी महाराष्ट्रात हा शब्द जरा जपूनच वापरावा. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावला असं सांगतात, तेव्हापासून काका-पुतण्या म्हटलं की लोक कान टवकारतात.

याच ओळीत मधेच पंजाब लागतो आणि सगळा हिशेब उलटतो. पंजाबीत ‘काका’ म्हणजे लहानगा मुलगा, बाळ्या म्हणतो ना आपण, तसं. राजेश खन्नाला सगळी चित्रपटसृष्टी ‘काका’ म्हणायची. आमच्या वाड्यातल्या बायकांना वाटायचं, इतका देखणा माणूस, याला काका कसलं म्हणता! तो पंजाबी घरातला लाडका ‘काका’ होता, चुलता नव्हे. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका (२००७ चा बालोंदोर विजेता) याची गोष्ट आणखी वेगळी: धाकट्या भावाला ‘रिकार्दो’ म्हणता येईना, त्यातून हे नाव पडलं. तिथे ना व्युत्पत्ती ना कुळ, फक्त एका पोराची अडखळलेली जीभ.

बल्गेरियनमध्ये ‘काका’ म्हणजे थोरली बहीण. हे वाचून मी कपाळाला हात लावला होता, पण तुमच्यासाठी खरी गंमत स्वाहिलीत आहे. तिथे ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. बाबा मात्र बाबाच, तेवढा दिलासा. तेव्हा नैरोबीत टॅक्सीवाल्याला सवयीनं “दादा, जरा थांबा” म्हणू नका, ते त्याला ताई म्हटल्यासारखं होईल. तो तुमच्याच वयाचा असला तरी खुशाल “काका” म्हणा. दुकानातल्या बाईंना “दादा” म्हणायचं. पहिले आठ दिवस जीभ अडखळेल. आणि केस पिकलेला माणूस भेटला, तर त्याला “म्झे” म्हणतात.